भयकादंबरीत अडलेल्या शब्दांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: "मी निपाणीची. दहावीपर्यंत कन्नड माध्यम, घरात मराठी. देवनागरी वाचता येते ती शाळेतल्या हिंदीमुळे. आता बेळगावात पदवीला आहे. वाचनालयातून एक मराठी भयकादंबरी आणली. गोष्ट सोडवत नाही, पण पहिल्या २० पानांत दीडशे शब्द अडले. प्रत्येक शब्द मोबाईलवर हुडकत बसले तर भीतीच निघून जाते, आणि नाही हुडकला तर डोक्यात काही राहत नाही. अशा पुस्तकातून खरंच शब्द शिकता येतात का? कसे?"

येतात. पण आधी हिशोब करू, कारण दीडशे हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. मराठी कादंबरीच्या साध्या पानावर साधारण २५० शब्द बसतात. २० पानं म्हणजे ५,००० शब्द. त्यांतले १५० अडले, म्हणजे शंभरातले तीन. शब्दसंग्रहाचे न्यूझीलंडमधले अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी यांनी मांडलेलं माप असं आहे की कुणाच्या मदतीशिवाय आरामात वाचायचं तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत. ९५ च्या खाली गेलं की गोष्ट समजणं अवघड जातं. तुम्ही ९७ वर आहात. पुस्तक तुमच्यासाठी जरा जड आहे, पण चुकीचं नाही. पुढचं पुस्तक निवडताना हेच माप लावा: मधली कुठलीही तीन पानं उघडा आणि अडलेले शब्द मोजा. पानाला पाच-सहा अडले तर उत्तम, दोनच अडले तर शिकण्यासारखं थोडं, आणि बारा-तेराच्या वर गेले तर ते पुस्तक सहा महिन्यांनी घ्या.

पहिली २० पानं नेहमीच सर्वांत जड असतात. लेखक तिथे वाडा उभा करतो, पाऊस पाडतो, माणसं आणून बसवतो. पुढे तोच वाडा, तोच जिना, तोच कंदील. भयकादंबरीतून शब्द शिकायला सोपं जातं त्याचं मूळ कारण हे आहे. नवा शब्द पक्का व्हायला तो निरनिराळ्या वाक्यांत आठ-दहा वेळा तरी भेटावा लागतो. सामाजिक कादंबरीत प्रसंग बदलतो, गाव बदलतं, शब्दही बदलतात. भयकथेत माणसं एका जागी अडकलेली असतात, त्यामुळे 'अडसर' हा शब्द तिसऱ्या पानावर येतो, तसाच चाळिसाव्या आणि एकशे दहाव्या पानावरही येतो. दुसरं कारण अंधाराचं. अंधारात दिसत नाही, म्हणून लेखकाला आवाज, स्पर्श, वास, गारवा यांवरच सगळं लिहावं लागतं. त्यामुळे मराठीतली सर्वांत जिवंत क्रियापदं इथे भेटतात. पाठ्यपुस्तकात ती क्वचितच येतात.

आता पद्धत. तुमच्या प्रश्नातच तिचं उत्तर दडलेलं आहे: वाचन आणि शब्द वेचणं ही दोन कामं एकाच बैठकीत करू नका. रात्री नुसतं वाचा. एक प्रकरण, किंवा दहा-पंधरा पानं. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिल चालवायची नाही, म्हणून कागदाची दोन बोटं रुंद पट्टी पुस्तकात ठेवा आणि अडलेल्या शब्दाचा फक्त पान क्रमांक आणि ओळ टिपा. शब्दही लिहू नका, लिहायला लागलं की डोळा गोष्टीतून बाहेर येतो. कोश रात्री एकाच वेळी उघडायचा: एखाद्या शब्दामुळे प्रसंगच कळत नसेल, म्हणजे कोण आलं, कुठे गेलं, मेलं की जगलं हेच उमगत नसेल तर. अशी वेळ एका प्रकरणात एखाद-दोनदा येते.

सकाळी, उजेडात, पट्टी घेऊन बसा. पंधरा मिनिटं पुरतात. टिपलेल्या ओळी पुन्हा वाचा आणि त्यांतून सातच शब्द उचला. जो शब्द प्रकरणात तीनदा आला, तो आधी घ्या. मग क्रियापदं. मग असा शब्द, जो उद्या वर्तमानपत्रात किंवा घरच्या बोलण्यात येऊ शकतो. बाकीचे खुशाल सोडून द्या. गरजेचे असतील तर ते पुढच्या प्रकरणात पुन्हा दारात उभे राहतील. दीडशेच्या दीडशे शब्द धरून बसणारा वाचक चौथ्या प्रकरणात पुस्तक बंद करतो.

कोश उघडण्याआधी अंदाज बांधायची सवय लावा. हा मुद्दा मी लांबवणार आहे, कारण खरं शिकणं इथेच होतं. उदाहरणासाठी हा परिच्छेद मुद्दाम दाट लिहिला आहे, खऱ्या कादंबरीत इतके शब्द एका जागी येत नाहीत:

"तिन्हीसांजा टळून गेल्या होत्या. सोप्यातला कंदील मिणमिणत होता. माडीवर काहीतरी खुडबुडलं आणि थांबलं. आक्कानं दाराला अडसर लावला, तरी कोयंड्यातली कडी आपसूक खुळखुळली. फटीतून कुबट वास आत आला. परड्यातल्या चिंचेखाली कुणीतरी निश्चल उभं होतं. आक्काची बोबडी वळली."

'सोपा' (ओसरी), 'माडी', 'परडं' (परस) तुम्हाला घरातूनच येतात. पुण्याच्या वाचकाला इथे अडखळायला होईल, तुम्हाला नाही, ही सीमाभागाची जमेची बाजू आहे. 'मिणमिणत' घ्या. कंदील काय करेल? पेटेल, जळेल, विझेल. त्यात अक्षरांची जोडी दुमडून आली आहे: मिण-मिण. मराठीत अशी दुमड आली की काहीतरी बारीक, पुन्हापुन्हा होणारं असतं: सळसळ, टपटप, कुजबुज, खुळखुळ. कन्नडमध्येही हीच खोड आहे. 'गडगड नडुगु' म्हणजे थरथर कापणं, पाणी 'जुळुजुळु' वाहतं. म्हणजे तुमचा कान आधीच तयार आहे. मिणमिणणे म्हणजे दिव्याचं क्षीण, विझू-विझू जळणं, आणि खुडबुडणे म्हणजे आडोशाला काहीतरी हलवल्याचा, उंदीर किंवा माणूस चाचपडत असल्याचा बारीक आवाज. कोश न उघडता इथवर पोचता येतं.

'अडसर' मध्ये 'अड' ऐकू येतं: अडणे, अडवणे, अडचण. दाराला लावतात, म्हणजे दार अडवणारा आडवा दांडा. हा शब्द कार्डावर घ्याच (कार्डं कशी करायची ते पुढे येतं), कारण वर्तमानपत्रात तो दुसऱ्या अर्थाने भेटतो: रस्त्याच्या कामातला अडसर, प्रवेशातला अडसर. 'निश्चल' तर फुकट मिळाला, कन्नडमध्येही तो तसाच आहे. 'आपसूक' म्हणजे आपोआप, हे शेजारच्या 'तरी' वरून कळतं: अडसर लावला तरी कडी वाजली, कुणी हात न लावता. 'टळणे' वेळेबद्दल आला की ती वेळ उलटून गेली: दुपार टळली, भूक टळली. 'कुबट' मात्र अंदाजाने पूर्ण कळणार नाही, तिथे कोश हवा. बंद, ओलसर जागेचा, बुरशीसारखा वास. शिवाय तो वास 'दरवळत' नाही. दरवळतो तो सुगंध. कुबट वास येतो, कोंदतो, साचतो. एखाद्या प्रकरणात ओस पडलेल्या वाड्यात मोगरा दरवळला तर समजा, लेखकाने तो शब्द जाणून वापरला आहे आणि भीती त्या गोडव्यातच आहे.

'बोबडी वळली' हे फोडून वाचू नका. अख्खा वाक्प्रचार एक शब्द समजा: भीतीने तोंडातून धड शब्द फुटेना.

अंदाज बांधल्यावर कोश उघडताना एक अडचण येते. कन्नड माध्यमातल्या वाचकाला ती सर्वांत जास्त छळते. कन्नडमध्ये 'मने' चं 'मनेयल्लि' होतं, 'मर' चं 'मरदल्लि'. मूळ शब्द जागेवर शाबूत, प्रत्यय मागे. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दच आतून बदलतो. 'कोयंड्यातली' शोधाल तर कोशात काही सापडणार नाही, शोधायचं 'कोयंडा'. 'आ' ने संपणारे पुल्लिंगी शब्द 'या' घेतात: सोपा, सोप्यात, उंबरा, उंबऱ्यावर, वाडा, वाड्याला. 'परडं' सारखे नपुंसकलिंगीही तसेच: परड्यात, तळ्यात. स्त्रीलिंगी अकारान्त शब्दांत दोन वाटा आहेत आणि त्या आधीच सांगता येत नाहीत: वाट, वाटेवर, पण भिंत, भिंतीवर आणि हडळ, हडळीनं. म्हणून कार्डावर मूळ रूपाबरोबर 'त' किंवा 'नं' लावलेलं एक रूप लिहाच. मधलं अक्षर बुजणारे शब्द सर्वांत फसवे: काळीज, काळजात; चेटूक, चेटकानं; देऊळ, देवळात; विहीर, विहिरीत, म्हणजे मधली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व झाली. 'देवळात' वाचून 'देवळ' शोधणारे बरेच जण कोश सदोष आहे असं समजून बाजूला ठेवतात.

लिंगाचंही तसंच. कन्नडमध्ये भिंत, कंदील, विहीर सगळं एकाच निर्जीव खात्यात जातं. मराठीत तो कंदील, ती विहीर, ते तळघर. नामाचं कार्ड करताना पुढे विशेषण जोडा, पण लिंग दाखवणारंच जोडा: ओली भिंत, काळा कंदील, जुनं तळघर. 'मिट्ट काळोख', 'किर्र रात्र' या जोड्या पाठ करायला छान आहेत, पण 'मिट्ट' आणि 'किर्र' बदलत नाहीत, त्यामुळे लिंग कळत नाही. तिथे 'तो काळोख', 'ती रात्र' असं वेगळं लिहा.

क्रियापदात आणखी एक खजिना आहे, तो सहसा कुणी टिपत नाही. 'दार उघडलं नाही' आणि 'दार उघडेना' यांत फरक आहे. पहिलं नुसतं घडलेलं सांगतं. दुसऱ्यात माणूस धडपडतोय, खेचतोय, तरी दार दाद देत नाही. 'पाय उचलेना', 'आवाज फुटेना', 'काही सुचेना'. याच घराण्यातलं 'दिसेनासा झाला', म्हणजे दिसत होता आणि हळूहळू दिसायचा थांबला. भयकादंबरीच्या प्रत्येक प्रकरणात ही रूपं येतात. ती शब्द म्हणून कोशात नाहीत, म्हणून पट्टीवर त्यांच्या पुढे खूण करा आणि तीन-तीन वाक्यं स्वतः बनवा.

भीतीच्या शब्दांवर जरा थांबू. मोबाईलवरचं भाषांतर दचकणे, चपापणे, चरकणे या सगळ्यांना जवळजवळ एकच अर्थ देतं आणि तिथेच मराठी हातातून निसटते. दचकतं ते शरीर: अचानक आवाज किंवा स्पर्श झाला, अंग उडालं, क्षणात संपलं. चपापतं ते मन: अनपेक्षित काही दिसलं किंवा आपण पकडलो गेलो, माणूस क्षणभर जागच्या जागी थबकला. चरकणं आत होतं, एखादी शंका टोचली की: बोलणारा हसत होता, पण त्याचं नख पाहून ती मनात चरकली. बिचकणारा पुढे जायला कचरतो. बैल बिचकतो, नवा माणूस चारचौघांत बोलायला बिचकतो. भेदरणं लहान मुलाचं, जनावराचं: अंग चोरून, डोळे मोठे करून, बराच वेळ. हबकतो तो वाईट बातमीने. धास्ती पुढे येणाऱ्या गोष्टीची असते, धसका घडून गेलेल्या गोष्टीचा. 'परीक्षेची धास्ती', पण 'अपघाताचा धसका'. दहशत मात्र कुणीतरी बसवलेली असते, म्हणून ती गुंडाची असते, पावसाची नसते. हे आठ-नऊ शब्द एकाच कागदावर, एकाखाली एक, प्रत्येकापुढे कादंबरीतलं वाक्य असे मांडा. सुटे पाठ केले तर आठवड्यात एकमेकांत मिसळतात.

यांच्यासोबतची क्रियापदंही ठरलेली आहेत. धडकी भरते, थरकाप उडतो, घाबरगुंडी उडते, दातखीळ बसते, कापरं भरतं, अंगावर काटा येतो, काळजाचा ठोका चुकतो, पाचावर धारण बसते. 'धडकी आली' किंवा 'थरकाप बसला' असं कुणी म्हणत नाही. नाम एकटं शिकलं की ही चूक ठरलेलीच, म्हणून कार्डावर जोडीच लिहायची.

तुमच्याकडे तीन भाषा आहेत. हे बळ आहे, पण सर्वांत जास्त घात करणारी गोष्टही हीच. शब्द ओळखीचा वाटतो, वाचक पुढे जातो आणि अर्थ उलटा लागतो. कादंबरीत 'तिच्या अंगात संचार झाला' असं येईल. बेळगावच्या चौकात कन्नड पाटीवर 'संचारी पोलीस' असतं, म्हणजे वाहतूक पोलीस. कादंबरीतला संचार म्हणजे देवाचं किंवा भुताचं अंगात येणं. 'अवसर' चे तर तीन अर्थ भेटतील: हिंदीत संधी, कन्नडमध्ये घाई, आणि कोकण-गोव्याकडच्या मराठीत पुन्हा अंगात येणंच. घाटाखालची कथा वाचताना 'अवसर आला' दिसलं तर घाई समजू नका. 'अपाय' विजेच्या खांबावरच्या कन्नड पाटीवर धोका सांगतो, मराठीत तो इजा किंवा नुकसान सांगतो: 'तुला काही अपाय होणार नाही'. 'अनुमान' कन्नडमध्ये संशय, मराठीत पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. 'आभास' कन्नड बोलण्यात चारचौघांत ओशाळं वाटावं असा विचित्र प्रकार, मराठी भयकथेत मात्र नसलेलं असल्यासारखं वाटणं, आणि तो शब्द पानोपानी येतो. आणि 'देव' व 'देव्व' यांत एका जोडाक्षराचा फरक आहे, पण कन्नडमधला देव्व म्हणजे भूत.

दर वेळी कन्नडच फसवते असं नाही. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, पण मराठीत दंड. इथे कन्नड 'शिक्षे' मराठीच्या बाजूने उभी आहे. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा, आणि कन्नड 'चेष्टे' म्हणजे खोडी, जी मराठीच्या जवळची. हिंदीतल्या 'उपन्यास' ला मराठी आणि कन्नड दोन्ही 'कादंबरी' म्हणतात, कन्नडमधला 'उपन्यास' म्हणजे व्याख्यान. मराठी 'घाबरणे' आणि कन्नड 'गाबरी' जवळचेच. तुम्ही प्रश्नात 'हुडकत' लिहिलंत, तो कन्नड 'हुडुकु' चा सोयरा. कादंबरीत त्या जागी बहुधा 'शोधत' असेल. 'शोधणे' जरूर शिका, पण 'हुडकणे' खोडू नका, तो मराठीच आहे. घरी 'काय करायलास?' म्हणता आणि पुस्तकात 'काय करतोयस?' दिसतं, तेही तसंच: एक बोलायचं, एक लिहायचं, दोन्ही आपलंच. अशा फसव्या शब्दांची वेगळी वही करा. एका पानावर तीन रकाने: कन्नड अर्थ, हिंदी अर्थ, मराठी अर्थ. एका कादंबरीत असे वीसएक शब्द सहज मिळतात.

वेळेच्या शब्दांत एक खड्डा आहे. प्रहर तीन तासांचा, घटका २४ मिनिटांची. 'रात्रीचा तिसरा प्रहर' म्हणजे बारा ते तीन, पण नुसता 'तिसरा प्रहर' म्हटलं की दुपार. कातरवेळ आणि तिन्हीसांजा संध्याकाळच्या, झुंजूमुंजू पहाटेचं. यात चूक झाली तर दिवसाढवळ्या भूत दिसलं असं वाटून प्रसंगाचा रसच जातो.

घराच्या भागांचे शब्द कोशातून शिकण्यापेक्षा माणसांकडून शिका. बळद, पेव, कोनाडा, फडताळ, तुळई, ढेलज, दिंडी दरवाजा. निपाणी-चिकोडी-खानापूरकडच्या जुन्या घरांत यांतलं निम्मं अजून बघायला मिळेल. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, कन्नडमध्ये हगेव. घरातल्या वडीलधाऱ्यांना कागदावर घराचा नकाशा काढायला लावा आणि प्रत्येक भागावर नाव लिहून घ्या. तो नकाशा पुस्तकात ठेवून वाचा. पात्र ओसरीवरून माजघरात आणि तिथून परसात पळालं हे डोळ्यांपुढे आलं की निम्मे शब्द आपोआप जागेवर बसतात.

भुतांची नावं मोहात पाडतात: मुंज झाल्यावर लग्नाआधी गेलेल्याचा मुंजा, बाळंतपणात गेलेलीची हडळ, पाण्यातला गिऱ्हा, रात्री वाट चुकवणारा चकवा, शिवाय समंध, खवीस, वेताळ. गोष्ट समजायला ती लागतात, पण दहा कार्डांत एकापेक्षा जास्त घेऊ नका. अपवाद 'चकवा' चा, कारण त्याच्यासोबत 'चकवणे' मिळतं आणि ते क्रिकेटच्या बातमीतही उपयोगी पडतं.

आता कार्डं. पोस्टकार्डाच्या चौथ्या हिश्श्याएवढे जाड कागदाचे तुकडे करा. पुढच्या बाजूला कादंबरीतलं वाक्य आटोपशीर करून, शब्दाच्या जागी रेघ. मागे शब्द, मूळ रूप, प्रत्यय लावलेलं रूप, लिंग, जोडीचं क्रियापद, जवळचा कन्नड शब्द असेल तर तो, आणि तुमचं एक वाक्य. पुढे नुसता शब्द आणि मागे नुसता अर्थ असं कार्ड करू नका. त्याने शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही. विसरण्याचा वेग पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतो, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी मांडलेली खणांच्या पेटीची युक्ती इथे सोपी पडते. कुंद्याचं रिकामं खोकं घ्या, पुठ्ठ्याने चार खण पाडा. पहिला रोज, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा तीन आठवड्यांनी. बरोबर आलं की कार्ड पुढच्या खणात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्या खणात. रोजची कार्डं तीसच्या वर गेली तर दोन दिवस नवी करू नका, नाहीतर आठवड्यात खोकं माळ्यावर जातं.

सातपैकी किमान चार कार्डं क्रियापदांची असावीत. शब्द वेचणारे बहुतेक जण नामं आणि विशेषणंच गोळा करतात: अक्राळविक्राळ, भेसूर, भयाण. ही विशेषणं फार तर भयकथेतच लागतात. शिरणे, निसटणे, कुजबुजणे, चाचपणे, रेंगाळणे, ओसरणे, थबकणे ही क्रियापदं आयुष्यभर, रोज लागतात. 'तिमिर', 'निशा' असे संस्कृत शब्द ओळखता आले की पुरे. बोलण्यात आणलेत तर समोरचा चपापेल.

आठवड्यातून दोनदा, दोन-दोन पानं घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. आजी असेल तर तिलाच. नुसत्या डोळ्यांनी शिकलेला शब्द चुकीच्या उच्चाराने पक्का होतो, आणि मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, जे लिपी दाखवत नाही. 'चिंच' मधला पहिला च आणि 'चेटकीण' मधला च टाळूला लागतो. 'चकवा', 'चपापणे', 'चरकणे' मधला दातांशी. इ, ई, ए च्या आधी तालव्य आणि अस्सल मराठी शब्दांत अ, आ, उ, ओ च्या आधी बहुतेकदा दंततालव्य, पण 'चंद्र' सारखे संस्कृत शब्द तालव्यच राहतात. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'तू जग' मधला जग कानाने ऐकूनच वेगळे कळतात. नियम लक्षात नाही राहिला तरी चालेल, आजीने मधेच टोकलं की कार्डावर 'दात' किंवा 'टाळू' एवढं लिहा.

कोशांबद्दल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) जुन्या घरांचे, शेतीचे, भुताखेतांचे शब्द देतो, आणि वाक्प्रचारही. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत निघाला. अर्थ मराठीतच आणि शब्द कुठून आला तेही, त्यात कानडीचे उल्लेख वाचायला तुम्हाला विशेष आवडेल. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. तिथे 'करणें', 'तळें' अशी अनुस्वारांची जुनी लिखावट दिसेल. न उच्चारले जाणारे हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, म्हणून आजच्या रूपाने शब्द सापडला नाही तर शेवटी अनुस्वार देऊन पाहा. वाचनालयातल्या जुन्या आवृत्त्यांतही 'घरांत', 'त्यानें' असं छापलेलं असतं. ती छपाईची चूक नाही.

शेवटचं काम लिहिण्याचं. प्रत्येक प्रकरणानंतर त्यातले पाच शब्द घेऊन पाच वाक्यं लिहा, पण भुताची नको. पावसात खानापूरच्या बसमध्ये शिरलेला कुबट वास लिहा. वीज गेल्यावर मिणमिणणारी चिमणी लिहा, किंवा निकालाच्या सकाळी मनात चरकलेली मैत्रीण. शब्द कथेच्या वाड्यातून बाहेर, आपल्या रस्त्यावर आणला की तो परत आत जात नाही.

रोज दहा पानं धरली तर २०० पानांची कादंबरी वीस दिवसांत होईल आणि खोक्यात सव्वाशे-दीडशे कार्डं असतील. पुढचं पुस्तक त्याच लेखकाचं घ्या. प्रत्येक लेखकाचे लाडके शब्द ठरलेले असतात, ते तिथे पुन्हा भेटतील आणि तिसऱ्या-चौथ्या खणातली कार्डं वाचता-वाचताच पक्की होतील. तिसरं पुस्तक मात्र दुसऱ्या लेखकाचं, शक्यतो कोकणातल्या किंवा विदर्भातल्या पार्श्वभूमीचं. त्याच्याही पहिल्या २० पानांत अडलेले शब्द मोजा आणि दीडशेच्या शेजारी तो आकडा लिहून ठेवा.